पुण्यातून जपानला भाषा शिकायला जाताय? मग निघण्याआधी एवढं करून ठेवा

"ताई, जपानला जाऊन जॅपनीज शिकायचंय, कुठून सुरुवात करू?" असा मेसेज मला दर आठवड्याला कोणाचा ना कोणाचा येतोच, आणि दर वेळी माझं उत्तर अर्धवट राहतं कारण फोनवर टाइप करून करून किती करणार, म्हणून आज बसून सगळं एकदाच लिहितेय. मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटला जपानीची संध्याकाळची बॅच करत होते, दोन वर्षांत एन4 झाली (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एक पातळी, एन5 सगळ्यात सोपी, एन1 सगळ्यात अवघड), आणि मग एप्रिल ते पुढचा मार्च असं पूर्ण वर्ष ओकायामातल्या एका लँग्वेज स्कूलमध्ये काढलं.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. तिकडे गेलं की भाषा आपोआप येते असं काही नसतं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वर्षभर हॉस्टेलच्या खोलीत आपल्याच देशाच्या मुलांबरोबर राहिला, पार्ट टाइम काम फॅक्टरीत जिथे तोंड उघडायची गरजच नाही, आणि मार्चमध्ये जाताना त्याचं बोलणं जवळजवळ एप्रिलमध्ये होतं तिथेच होतं. अभ्यास तो माझ्यापेक्षा जास्त करायचा. फक्त बोलायला कोणी नव्हतं त्याला. त्यामुळे खाली जे काही सांगतेय ते सगळं फिरून याच गोष्टीवर येतं, की तिकडे गेल्यावर रोज कोणाशी तरी बोलायची सोय कशी करायची.

जायचे रस्ते कोणते

विद्यार्थ्यांसाठी मुख्य रस्ते तीन. पहिला म्हणजे जपान सरकारची मेक्स्ट स्कॉलरशिप, त्यात जॅपनीज स्टडीज म्हणून एक प्रकार आहे, जपानी विषय घेऊन डिग्री करणाऱ्यांसाठी, साधारण वर्षभराचा. फी नाही, विमानाचं तिकीट ते देतात, वर महिन्याला 1 लाख 17 हजार येन हातात. परीक्षा असते, मुलाखत असते, जागा अगदी कमी, पण तुम्ही जपानी घेऊन बीए करत असाल तर हा फॉर्म भरल्याशिवाय दुसऱ्या कशाचा विचारच करू नका. दुसरा रस्ता म्हणजे तुमच्या विद्यापीठाचा तिकडच्या विद्यापीठाशी करार असेल तर एक्स्चेंज, सेमिस्टर किंवा वर्ष. तिसरा म्हणजे स्वखर्चाने लँग्वेज स्कूल, मी तोच घेतला. इथे प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत होतात, एप्रिलवाल्यांना दोन वर्षांपर्यंत राहता येतं. दोन-तीन आठवड्यांचे समर प्रोग्रामही असतात, पण त्यात फिरणं जास्त आणि भाषा कमी.

टोकियोच का नाही असं घरच्यांनीही विचारलं होतं. खर्च हे एक कारण. दुसरं कारण थोडं भावनेचं आहे. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान आपण सगळे ओकायामा गार्डन म्हणतो ना, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरूनच केलंय, मूळ बाग 1700 सालची, जपानच्या तीन नावाजलेल्या बागांपैकी एक. मी लहानपणापासून तिथे आज्जीबरोबर मासे बघायला जायचे. मग जायचंच आहे तर तिथेच जाऊ असं ठरवलं, आणि तो निर्णय बरोबर ठरला, कारण मध्यम आकाराच्या शहरात भारतीय कमी भेटतात, इंग्लिश कमी चालतं आणि दुकानदाराला तुमच्याशी दोन मिनिटं बोलायला वेळ असतो. भाषा शिकायची असेल तर असं शहर निवडा.

एन4 पुण्यातच करून जा

व्हिसाला साधारण 150 तासांचा अभ्यास किंवा एन5 दाखवलं की चालतं, त्यामुळे बरेच जण एन5 वरच पळतात. करू नका असं. एन5 घेऊन गेलात तर पहिले चार महिने जे शिकवतात ते पुण्यात निम्म्याहून कमी पैशात शिकता येतं. रानडे आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, खाजगी क्लास गल्लोगल्ली आहेत, आणि जेएलपीटीचं सेंटर पुण्यातच आहे, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी परीक्षा. फॉर्म सुटल्या सुटल्या भरा. आणि हे लक्षात घ्या की जेएलपीटीमध्ये बोलायचा आणि लिहायचा पेपरच नाही, सगळं पर्यायातून निवडायचं असतं, त्यामुळे सर्टिफिकेट हातात आहे आणि दुकानात पिशवी मागता येत नाही अशी अवस्था सहज होते. माझी झाली होती.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा. जपानी इंग्लिशमधून शिकू नका, मराठीतून शिका. पुस्तकं इंग्लिशमध्ये असतात म्हणून आपण डोक्यात आधी इंग्लिश वाक्य करतो आणि मग ते उलटंपालटं करत बसतो, गरज काय त्याची? वाक्याची रचना आपलीच आहे, क्रियापद शेवटी. नि म्हणजे ला, नो म्हणजे चा, कारा म्हणजे पासून, मादे म्हणजे पर्यंत, आणि सगळे आपल्यासारखे शब्दाच्या मागेच लागतात. "अत्सुई देसु ने" म्हणजे "गरम होतंय ना", तो शेवटचा ने आणि आपला ना, दोघांचं काम एकच.

पण खरी गंमत पुढे आहे. ताबेते मिरु, यात मिरु म्हणजे बघणे, पूर्ण अर्थ खाऊन बघणे. शिते ओकु, ओकु म्हणजे ठेवणे, अर्थ करून ठेवणे. वर्गातले युरोपातले मुलं-मुली या दोन रचनांवर आठवडाभर अडकले होते, की खाण्यात बघण्याचा काय संबंध, आणि सेन्सेईंनी म्हणजे शिक्षिकेने फळ्यावर लिहिल्याबरोबर मला ते समजलंच, कारण आई रोज म्हणते की मीठ बघ जरा चाखून, कणीक मळून ठेव. घरातून निघताना जपानी लोक इत्तेकिमास म्हणतात, शब्दशः जाऊन येते. आपणही "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. मी वहीत प्रत्येक नवीन रचनेसमोर मराठी वाक्य लिहायला लागले त्या दिवसापासून माझा वेग बदलला, हे अगदी मनापासून सांगतेय.

उच्चारातही आपला फायदा आहे. त्सु हा आवाज बाकीच्यांना जमत नाही, आपल्याकडे चूल आणि चमचा मधला च तोच आहे. झाडातला झ घ्या आणि मिझु (पाणी) म्हणा, झालं. जोडाक्षरं तर आपल्याला पाठच आहेत. फक्त एका ठिकाणी मराठी माणूस हमखास अडकतो ते म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, आपण लिहिताना पाळतो पण बोलताना ताणत नाही. ओबासान म्हणजे काकू आणि ओबाआसान म्हणजे आजी, बिरु म्हणजे बिल्डिंग आणि बीरु म्हणजे बिअर. टाळी वाजवून मात्रा मोजत म्हणायची सवय लावा, आमच्या मॅडम तसंच करून घ्यायच्या.

कांजी म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, त्यासाठी महागड्या वह्या घेऊ नका. अप्पा बळवंत चौकात गणिताची मोठ्या चौकटीची वही मिळते ती उत्तम, एका चौकटीत एक कांजी. रोज पाच, पण रोज.

कागदपत्रं आणि पैसे

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे सीओई (सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी), तो जपानचं इमिग्रेशन देतं आणि अर्ज तुमच्या वतीने शाळा करते. एप्रिलला जायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरलाच कागद गोळा व्हायला हवेत, निकाल फेब्रुवारीच्या शेवटाकडे येतो, आणि तो हातात आला की तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये पोहोचायचं. त्यानंतर व्हिसा, महाराष्ट्रासाठी मुंबईचं कॉन्सुलेट. व्हिसा त्यामानाने सोपा, खरी परीक्षा सीओईची. शिक्षणाचे सगळे दाखले, मधल्या गॅपचं कारण, जपानी शिकून पुढे काय करणार याचं पत्र, आणि खर्च करणाऱ्याचे म्हणजे बहुतेक बाबांचे इन्कम टॅक्स रिटर्न आणि बँकेचं बॅलन्स सर्टिफिकेट. बॅलन्स आदल्या दिवशी भरलेला दिसला की प्रश्न येतात, पैसे आधीपासून खात्यात किंवा एफडीत असू द्या.

नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर पासपोर्टसारखंच हवं. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नंतर, बँकेत वडिलांचं नाव नुसतं अक्षर, असा गोंधळ घरोघरी असतो, तो सहा महिने आधी निस्तरा. आणि आपल्या पासपोर्टवर बहुतेकांच्या नावात वडिलांचं नाव चिकटलेलं असतं, ते तिकडच्या रेसिडेन्स कार्डवरही येतं. मी दवाखान्यात पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी माझ्या बाबांच्या नावाने हाक मारली, मी बसूनच राहिले, तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा उठले. बँकेत फॉर्मवर काताकानाच्या (परदेशी नावं लिहायची जपानी लिपी) चौकटी संपल्या आणि नाव उरलं. म्हणून पूर्ण नाव काताकानात कसं लिहायचं ते पुण्यातच ठरवा, एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी अगदी तेच लिहा, एक रेघसुद्धा वेगळी नको.

पैशांचं माझं सांगते. शाळेची वर्षाची फी साडेसात लाख येनच्या आसपास, डॉर्मची खोली महिना तीस हजार, स्वतः रांधून खाणं पंचवीस हजार, बाकी फोन, सायकल, पुस्तकं. फी सीओई आल्यावर भरायची असते. पुण्यात एका एजंटने मला सीओईच्या आधीच सगळी रक्कम मागितली होती, वर "तिकडे पार्ट टाइममधून सगळा खर्च निघतो" असंही सांगितलं होतं. हे चुकीचं आहे आणि यामुळे मुलं कर्जात अडकतात, मला याचा खरंच राग आहे. स्टुडंट व्हिसावर आठवड्याला 28 तासच काम करता येतं, सुट्टीच्या काळात दिवसाला 8 तास, तेही परवानगी काढून. त्यातून खाण्याचा आणि फार तर भाड्याचा खर्च निघतो, फी निघत नाही. तास ओलांडून काम केलं तर व्हिसा वाढवताना अडचण येते, वर्गातली हजेरी कमी असली तरी तेच. शाळेला थेट ईमेल लिहा, मोडक्या जपानीत लिहिलं तरी उत्तर येतं.

बॅग

थोडक्यात सांगते. जपानमध्ये वीज 100 व्होल्टची, आपला मिक्सर तिकडे चालत नाही, नेऊ नका. प्लग दोन चपट्या पिनांचा, अडॅप्टर घ्या. कुकर न्यायचाच तर इंडक्शनवर चालणारा. गोडा मसाला, हिंग, मेतकूट नक्की न्या, बाकी डाळ-जिरं-हळद ग्योमु सुपरसारख्या दुकानात मिळते. ताजी फळं आणि ओला कढीपत्ता नेऊ नका. डॉक्टरने लिहून दिलेली औषधं एका महिन्याच्या आतली, प्रिस्क्रिप्शनसकट, आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्या घरीच ठेवा, त्यावर तिकडे कडक नियम आहेत. भेट म्हणून वेगवेगळ्या छोट्या पाकिटात येणारं काहीतरी न्या, कारण तिकडे पुडा फोडून मध्ये ठेवत नाहीत, प्रत्येकाच्या टेबलवर एक एक ठेवतात. मी बाकरवडी नेली होती, सेन्सेईंना टिश्यूवर ठेवून वाटावी लागली, पण आवडली, चहाबरोबर छान लागते म्हणाल्या.

पहिले पंधरा दिवस

विमानतळावरच रेसिडेन्स कार्ड मिळतं, आणि तिथेच पार्ट टाइमच्या परवानगीचा फॉर्म देता येतो, तो विमानात बसल्या बसल्या भरून ठेवा. पोहोचल्यावर 14 दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. त्याच फेरीत आरोग्य विमाही होतो, उत्पन्न नसेल तर हप्ता कमी बसतो, आणि मग दवाखान्याच्या बिलातले 30 टक्केच आपण द्यायचे. वय 20 च्या पुढे असेल तर पेन्शनचं पत्र येतं, ते बाजूला ठेवू नका, सूट मागायचा अर्ज त्याच खिडकीवर करा.

सायकल घ्या. ओकायामा सपाट आहे, सगळे सायकलवरच असतात, माझ्या आईच्या लहानपणीच्या पुण्याची आठवण यावी तसं. पण नोंदणी करून घ्या, आणि हातात फोन किंवा छत्री धरून चालवू नका, नोव्हेंबर 2024 पासून फोनचे दंड खूप वाढलेत.

शाकाहारी असाल तर "मी मांस-मासे खात नाही" एवढं वाक्य पुरत नाही, कारण सूपमध्ये, भाजीत, सगळीकडे दाशी म्हणजे माशाचं पाणी असतं आणि त्यांच्या दृष्टीने तो मासा नसतो. दाशीचं वेगळं विचारा. मी पहिल्या महिन्यात बाहेर ओनिगिरीतली (भाताचे गोळे) फक्त प्लमवाली आणि केळी एवढंच बिनधास्त खायचे, तीसुद्धा मागचं लेबल वाचून. कांजी सगळ्यात पटकन त्यामुळे आली.

रोज बोलायचं कसं

वर्ग अर्धा दिवसच असतो, पंचेचाळीस मिनिटांचे चार तास, आणि पंधरा-वीस मुलांत तुमच्या वाट्याला बोलायला किती येणार. बाकीचा दिवस कसा घालवता त्यावर सगळं आहे.

आमच्या डॉर्मला एक र्योबोसान होत्या, म्हणजे हॉस्टेलच्या काकू म्हणा, सत्तरीच्या आसपासच्या. पहिले दोन आठवडे मी नुसती मान झुकवून जायचे-यायचे. एक दिवस त्या दारात झाडत होत्या आणि माझ्या तोंडून इत्तेकिमास निघून गेलं. त्यांनी झाडू थांबवला, पूर्ण वळल्या आणि म्हणाल्या, इत्तेराश्शाई. म्हणजे जाऊन ये. घर सोडल्यावर बरोबर सोळा दिवसांनी कोणीतरी मला ये म्हणालं होतं. संध्याकाळी आल्यावर तादाइमा म्हणजे "आले हं" म्हटलं, आतून ओकाएरी म्हणजे "आलीस का" आलं, आणि पाठोपाठ प्रश्न, आज काय शिकलीस? त्या दिवसापासून रोज दहा मिनिटं त्यांच्या ऑफिसच्या खिडकीपाशी उभं राहून दिवसभराचं सांगायचं असं ठरूनच गेलं. त्या चुका तोडून दाखवायच्या नाहीत, माझं वाक्य बरोबर करून परत म्हणायच्या, मी ते पुन्हा म्हणायचे. त्यांचं बोलणं ओकायामाचं, पुस्तकात नसलेलं, फार गरम झालं की देएरेए अत्सुई म्हणायच्या. देएरेए म्हणजे आपलं लय. मी त्यांना लय शिकवलं आणि जुलैमध्ये त्या जिन्यात घाम पुसत लय अत्सुई म्हणाल्या.

तुम्हाला काकू मिळतीलच असं नाही, पण एक ठरलेलं माणूस शोधा. वॉर्ड ऑफिसच्या सूचना फलकावर परदेशी लोकांसाठी फुकट संवाद वर्गांची माहिती असते, बहुतेक रिटायर्ड माणसं शिकवतात आणि त्यांना वेळ असतो, तिथे पहिल्याच आठवड्यात नाव घाला. पार्ट टाइम काम निवडताना पन्नास येन कमी मिळाले तरी चालतील, पण बोलावं लागेल असंच निवडा, छोटं हॉटेल किंवा बेकरी. मी बेकरीत होते. सुरुवातीला गिऱ्हाइकाशी बोलायची ती आदराची भाषा घशात अडकायची, तर मालकीणबाईंनी आठ वाक्यं एका कागदावर लिहून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवून दिली, तीन आठवड्यांत कागदाची गरज संपली. आणि खोलीवर मराठी सिरीयल, दिवसभर घरच्यांशी कॉल, हे कमी करा. मी आईशी रविवारीच सविस्तर बोलायचे, तिला पहिल्यांदा वाईट वाटलं, पण तिला कारण समजावून सांगितलं होतं.

साधारण तिसऱ्या महिन्यात एक काळ असा येतो की काहीच येत नाही असं वाटतं, वर्गातली चिनी मुलं कांजीमुळे वाचनात भराभर पुढे जातात आणि आपण मागे. तेव्हा वाचनाची तुलना करू नका. ऐकण्यात आणि बोलण्यात आपण पुढे असतो. रोज रात्री तीन ओळी डायरी जपानीत लिहा आणि सकाळी सेन्सेईंना द्या, त्या लाल पेनने दुरुस्त करून देतात, माझ्या अशा चार वह्या झाल्या.

परत येताना

निघण्याआधी वॉर्ड ऑफिसात पत्ता सोडल्याची नोंद करा, विमा बंद करा, बँक खातं आणि फोन बंद करा, सायकलची नोंदणी काढून टाका किंवा ज्याला देताय त्याच्या नावावर करा. शाळेकडून हजेरी आणि मार्कांचे दाखले दोन-दोन प्रती घ्या, नंतर इथून मागवायला फार वेळ जातो. माझी एन2 तिकडे डिसेंबरला थोडक्यात राहिली, परत येऊन जुलैला पुण्यात दिली आणि झाली, तेव्हा तिकडे राहिली तर खचून जाऊ नका, परीक्षा इथेही तीच आहे.

आल्यानंतर पहिल्या दोन महिन्यांत बोलणं फार पटकन गंजतं. र्योबोसानना मी महिन्यातून एकदा लाइन अ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करते, साडेतीन तासांचा फरक धरून दुपारी. आणि रविवारी सकाळी मी आणि माझी एक मैत्रीण ओकायामा गार्डनमध्ये चालायला जातो, गेटपासून सुरू करून पूर्ण चक्कर होईपर्यंत मराठी बोलायचं नाही एवढाच नियम. जाणार असाल किंवा नुकते आला असाल तर या, तिकीट काढून आत आलात की तळ्यावरच्या पुलापाशी असतो आम्ही.